खरा आकडा

२०२३ मध्ये श्रावण दोन आले होते, आधी अधिक आणि मग निज. त्यामुळे जुलैभर आमच्या तिघांच्या पिण्याच्या टेबलावर एकाच प्रश्नाचा कीस पडत होता: पाळायचा कोणता? मास्तरने पंचांगाचा फोटो दाखवला. सणवार, व्रतवैकल्यं सगळी निज श्रावणात, म्हणजे १७ ऑगस्टपासून. काकांचं म्हणणं, अधिकात पुण्य जास्त. शेवटी ठरलं की अधिकात दारू चालू ठेवायची, निजात बंद. त्यामुळे गटारीही दोनदा करावी लागली, जुलैत सवयीने आणि ऑगस्टात नियमाने.

मी नाशिकचा. अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं, एक म्हातारं लेथ, सहा माणसं. दुसऱ्यांच्या ड्रॉइंगवर जॉबवर्क करतो. सहा माणसांचा मालक म्हणून टेबलावर माझं नाव ‘शेठ’. वय तेव्हा ४८. वीस वर्षं रोज रात्री घेत होतो आणि दर वर्षी श्रावणात सोडत होतो. हा श्रावण म्हणजे माझा दाखला. बायको काही बोलली की तो पुढे करायचा. "महिनाभर थेंबाला शिवत नाही मी. बेवड्याला जमेल का?" ती गप्प बसायची. मला वाटायचं, तिच्याकडे उत्तर नाही.

दाखल्याची मागची बाजू मी कुणाला दाखवत नव्हतो. श्रावणात मला झोप लागायची नाही. रात्री एक वाजायचा, दोन वाजायचे, पंख्याचा आवाज मोजत पडून राहायचो. खापर फोडायचो साबुदाण्यावर, पित्त होतं म्हणून. उपास फक्त सोमवारी आणि जाग्रण सातही दिवस, हा हिशोब वीस वर्षांत एकदाही मनात आला नाही. नफ्यातोट्याचा पै-पैसा जुळवणारा माणूस मी! श्रावण संपला की पहिल्या पेगाबरोबर झोप परत यायची आणि मी म्हणायचो, बघा, औषध आहे ते.

ती झोपही कसली, ते सांगतो. साडेदहाला आडवा झालो की दहा मिनिटांत गुल. आणि मग तीन वाजून दहा मिनिटांनी लख्ख जाग. तोंडाला कोरड, छातीत धडधड, बनियन घामाने ओला. बाथरूमला जाऊन यायचं आणि पाच वाजेपर्यंत कूस बदलत नको ते विचार करायचे. अमुक पार्टीचं पेमेंट अडकलंय, मुलीची फी, मशिनचा हप्ता. दिवसा जे प्रश्न वीतभर असतात ते तीन वाजून दहाला हातभर होतात. सहाला डोळा लागायचा आणि साडेसहाला गजर.

डॉक्टरकडे मी झोपेची गोळी मागायला गेलो होतो. तो ऑक्टोबर. आमचे फॅमिली डॉक्टर फार बोलत नाहीत. त्यांनी विचारलं, "किती घेता?"

"दोन."

"दोन काय?"

या प्रश्नाला माझ्याकडे खरंच उत्तर नव्हतं. त्यांनी एक छापील कागद काढला. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली, दहा प्रश्न, ४० पैकी गुण. ८ किंवा जास्त आले की पिणं धोक्याच्या हद्दीत, २० किंवा जास्त आले की तज्ज्ञाकडे. मी १२ मिळवले. बायको शेजारीच बसली होती. तिने कागद ओढून घेतला, तीन उत्तरं दुरुस्त केली आणि १७ झाले. मला आयुष्यात कुणी पेपर तपासून गुण वाढवून दिले असतील तर ते त्याच दिवशी.

मग डॉक्टरांनी चार प्रश्न तोंडी विचारले. श्रावणात बंद करता तेव्हा हात थरथरतात का? दरदरून घाम, भास? कधी फिट? सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का? चारही नाही. "नशीब," ते म्हणाले, "नाहीतर एकदम बंद करू दिलं नसतं." रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. लिव्हरला किती मार बसलाय ते सांगणारा एसजीपीटीचा आकडा ७८, फॅटी लिव्हर ग्रेड टू. गोळी दिली नाही. दारूवर झोपेची गोळी म्हणजे श्वासाशी खेळ, एवढं म्हणाले आणि गृहपाठ दिला: ‘दोन’ म्हणजे किती ते मोजून या.

हे मला आवडलं. मोजणं हा माझा धंदाच आहे, आमच्याकडे शंभरावा भाग मिलिमीटर इकडेतिकडे झाला तरी माल परत येतो. मशिन थंड ठेवायचं कूलंट मिसळायचं मापाचं नळकांडं एक नवं कोरं पडलं होतं, ते घरी आणलं. रोजच्यासारखा, दोन बोटांच्या अंदाजाने पेग भरला आणि नळकांड्यात ओतून बघितला. ७५ मिली. दुसरा, पुन्हा ७५. आणि मग शेवटी ग्लास विसळायला म्हणून एक थोडीशी घ्यायचो, जी मी कधीच मोजत नव्हतो. ती ३०. बेरीज १८०. माझे ‘दोन’ म्हणजे बरोब्बर एक क्वार्टर होते.

पुढचं गणित डॉक्टरांनी मांडलं. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशोबाने ३० मिलीच्या स्मॉलमध्ये साधारण १० ग्रॅम अल्कोहोल, म्हणजे क्वार्टरमध्ये ६०. लिव्हर तासाला सात ते दहा ग्रॅम निपटतं, तुम्ही शेठ असा नाहीतर हमाल. नऊला सुरुवात केली तर पहाटे तीन ते पाचपर्यंत तिथली शिफ्ट चालूच. दारू झोप आणते हे खरं, पण ती पहिल्या निम्म्या रात्रीपुरती. मेंदूला दाबून ठेवलेलं असतं, तो दाब उतरू लागला की मेंदू उसळी मारून वर येतो. स्वप्नांची झोप आधी दबते आणि उत्तररात्री व्याजासकट वसूल होते. घसा ढिला पडतो म्हणून घोरणं वाढतं, लघवी जास्त होते म्हणून उठावं लागतं. माझं तीन वाजून दहा म्हणजे पित्तही नव्हतं आणि काळजीही नव्हती. ती क्वार्टर उतरायची वेळ होती. ज्या औषधाने झोप येते म्हणत होतो तेच मला रोज गजर लावून उठवत होतं.

हे सगळं मी टेबलावर जाऊन सांगितलं. आमचं टेबल म्हणजे पाथर्डी फाट्याकडच्या एका परमिट रूममधलं कोपऱ्यातलं, पंख्याखालचं. तिघांचं. मास्तर ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, माझ्याच वयाचा. काका साठी उलटलेले, नाशिकरोडला राहणारे, रिटायर, बायको जाऊन चार वर्षं झालेली. मी डॉक्टरांचे ते चार प्रश्न नक्कल करून विचारले, "सकाळी उठल्यावर घ्यावी लागते का?" सगळे हसले. काकाही हसले. ते हसणं पुढे मला फार दिवस आठवत राहिलं.

मास्तरचंही तेच रडगाणं होतं, वेळ फक्त निराळी, पावणेचार. त्यानेच प्रस्ताव मांडला की आपण तिघांनी मिळून कमी करू. एकट्याने कमी करायचे प्रयोग आम्ही सगळ्यांनी केले होते. आजपासून फक्त शनिवारी, आजपासून फक्त बिअर. बिअरचं तर सांगूच नका, साडेसहाशे मिलीची आठ टक्क्यांची एक स्ट्राँग बाटली म्हणजे चार स्मॉल होतात, आणि मी ती हलकी म्हणून पीत होतो. एकट्याच्या प्रयोगात हिशोबनीसही आपणच आणि चोरही आपणच.

मोबाइलवर तिघांचा ग्रुप काढला. नियम मास्तरने लिहिले. आठवड्यात चार दिवस कोरडे. बाकीचे तीन दिवस जास्तीत जास्त दोन स्मॉल, मापाने. शेवटचा घोट साडेआठच्या आत. घरात खंबा, म्हणजे मोठी बाटली, ठेवायचा नाही. आणि रोज रात्री साडेदहाला प्रत्येकाने आज किती झाले तो आकडा टाकायचा. नुसता आकडा. कारण नाही, सबब नाही, उपदेश नाही. बायकोला खोटं सांगता येतं, डॉक्टरला तर येतंच, पण ज्यांच्यासोबत वीस वर्षं एका टेबलावर बसलो त्यांना काय सांगणार? असा माझा सिद्धान्त होता.

सुरुवात २८ ऑक्टोबरला, कोजागरीला ठरली. शेवटचं एकदा मनसोक्त पिऊन. त्या रात्री ग्रहणही होतं, त्यामुळे दूध कधी प्यायचं यावर सोसायटीत वाद, आणि आम्ही दूध न पिणारे निवांत. कोजागरीला लक्ष्मी ‘कोण जागं आहे?’ विचारत फिरते म्हणतात. मी होतो ना जागा. दीड वाजता गॅलरीत उभा राहून चंद्राचा कुरतडलेला कोपरा बघितला.

रविवारी रात्री साडेदहाला पहिले आकडे आले. माझा २. मास्तरचा २. काकांचा ०. आम्ही दोघांनी टाळ्यांचे हात पाठवले. काकांनी लिहिलं, "दोन वगैरे आपल्याला जमत नाही रे. एक घाव दोन तुकडे."

सोमवारी साडेदहाला काकांचा आकडा आला नाही. अकराला त्यांच्या मुलाचा फोन आला. नऊच्या सुमारास काका जेवताना ताटावरून बाजूला कोसळले होते, हातपाय वाकडे, तोंडाला फेस. आयसीयूत होते.

तिथल्या डॉक्टरांनी मुलाला जे विचारलं ते मी बाजूला उभा राहून ऐकलं. रोज किती? मुलगा म्हणाला, संध्याकाळी मित्रांसोबत दोन-तीन. मी म्हणालो, हो, तेवढीच. डॉक्टरांनी आमच्याकडे असं बघितलं की आम्ही दोघांनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मुलाला काकांच्या गादीखाली, देवघराच्या कपाटामागे, जुन्या स्कूटरच्या डिकीत चपट्या सापडल्या. सकाळी सातला पहिली नाइंटी. दुपारी जेवणाआधी दुसरी. संध्याकाळी आमच्याकडे यायचे ते तिसऱ्या पाळीला. बायको गेल्यापासून चार वर्षं हे चालू होतं.

म्हणजे माझा सिद्धान्त दुसऱ्याच दिवशी आडवा झाला होता. टेबलावरच्यांनाही खोटं सांगता येतं. टेबल म्हणजे सगळं पिणं, असं मीच धरून चाललो होतो.

त्या डॉक्टरांनी समजावलेलं इथे लिहितो, कारण तोवर मलाही माहीत नव्हतं. दिवसभर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाविरुद्ध जोर लावूनच चालायला शिकलेला असतो. दारू एका झटक्यात काढली की जोर तेवढाच राहतो आणि दाब नाहीसा होतो. शेवटच्या पेगानंतर सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, भ्रम, ताप, त्यात माणूस दगावूही शकतो. काकांना तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसत होत्या. शांत करणाऱ्या गोळ्या रोज थोड्या कमी करत आणल्या, सलाईनमधून बी-वन जीवनसत्त्व दिलं, आठवड्याने माणसात आले. ज्याला सकाळी हात स्थिर व्हायला घ्यावी लागते त्याने घरच्या घरी, निश्चयाच्या जोरावर बंद करायची नसते. दवाखान्यात करायची. आणि आम्ही टाळ्या पाठवल्या होत्या.

दिवाळी त्यात गेली. ग्रुप बंद करावा असं मी म्हणालो. मास्तर म्हणाला, "बंद करून काकांचं काय भलं होणार आहे?" आम्ही आकडे टाकत राहिलो. काकांच्या नावापुढे काही येत नव्हतं.

इस्पितळातून काका महिनाभर व्यसनमुक्ती केंद्रात गेले. तिथे त्यांना समजवायला बसायचा तो माणूस स्वतः एकेकाळी फुटपाथवर झोपलेला होता. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केलं, तेव्हापासून ही पद्धत आपल्याकडे चांगली रुजली आहे, बाहेर पडलेल्यानेच आतल्याला हात द्यायचा. काका म्हणाले, "तो समोर बसला की खोटं बोलायला लाज वाटते. त्याने माझ्यापेक्षा भारी खोटं बोलून झालेलं असतं."

तिथून आल्यावर ते अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगला जाऊ लागले. एका रविवारी तिथे खुली मीटिंग होती, बाहेरच्यांनाही बसता येतं अशी. मला घेऊन गेले. शाळेचा वर्ग, लहान मुलांचे बाक, थर्मासमध्ये चहा. एकेकजण उठून नुसतं पहिलं नाव सांगतो, मी अल्कोहोलिक आहे म्हणतो, सगळे त्याला नमस्कार करतात आणि तो बोलतो. कोणी मध्ये तोंड घालत नाही, कोणी सल्ला देत नाही. एक रिक्षावाले होते, त्यांना सहा वर्षं झालेली. एका पोराला अकरा दिवस. टाळ्या दोघांना सारख्याच. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअरदलाल आणि एक सर्जन असे दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले, त्यातून हे सगळं उभं राहिलं. दलालाला त्या दिवशी प्यायची तलफ आली होती आणि ती टाळायला त्याने दुसरा पिणारा शोधला. आधी स्वतःला वाचवायला शोधला, ही गोष्ट मला फार पटली. मदत करतोय असा आव नाही त्यात.

तिथे कमी करणं नाही, बंदच. बाहेर पडताना मी काकांना विचारलं, मग आम्ही दोघं करतोय ते चूक का? ते म्हणाले, "तुला दोनवर थांबता येतंय तर थांब. मला पहिलाच चालत नाही. थांबता आलं नाही की मात्र इथे यायचं, लाजायचं नाही." त्या रात्री साडेदहाला त्यांचा आकडा ग्रुपवर परत आला. ०.

आता झोपेचं. पिणं कमी केलं की झोप सुधारते असं सगळे सांगतात. कधी सुधारते ते कोणी सांगत नाही. पहिले तीन आठवडे माझे श्रावणापेक्षा वाईट गेले. कोरड्या दिवशी दोनपर्यंत डोळा लागेना, आणि लागला की स्वप्नं अशी रंगीत की सकाळी थकवा यायचा. एकदा वर्कशॉपात हत्ती आला होता आणि तो मला डिलिव्हरी चलन मागत होता. दबलेली स्वप्नं वसुली करत होती.

एवढं खरं की घोरणं लवकर कमी झालं. मुलीने माझं घोरणं मोबाइलवर घेऊन ठेवलं होतं, एक क्वार्टरच्या रात्रीचं, एक कोरड्या रात्रीचं. पहिल्यात मध्येच आवाज थांबतो, आठ-दहा सेकंद काहीच नाही, आणि मग बुडणारा माणूस वर यावा तसा श्वास. ती म्हणाली, "बाबा, त्या गॅपमध्ये मी मोजत बसायचे." तिच्या खोलीची भिंत आमच्या खोलीला लागून आहे. किती वर्षं मोजत होती ते मी विचारलं नाही. डॉक्टरांना दोन्ही ऐकवलं, त्यांनी रात्रीच्या श्वासाची तपासणी करून घेतली. त्रास सौम्य निघाला. वजन उतरवा, कुशीवर झोपा, संध्याकाळची बाटली लांब ठेवा.

डिसेंबरअखेर मास्तर छान झोपू लागला होता आणि मी नाही. तेव्हा डॉक्टरांनी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं, निद्रानाशावरची सीबीटी, म्हणजे विचार आणि सवयी बदलून करायचा उपचार, करणाऱ्या. मला वाटलं बालपण विचारतील. त्यांनी तक्ता दिला. किती वाजता पडलो, अंदाजे केव्हा झोपलो, कितीदा उठलो, केव्हा अंथरूण सोडलं. दोन आठवडे भरला. रोज साडेदहा ते सहा असा साडेसात तास मी गादीवर, त्यात झोप सरासरी चार तास पन्नास मिनिटं. बाईंनी भागाकार केला, ६४ टक्के.

मी उडालोच. हे तर मशिनचं युटिलायझेशन! साडेसात तास मशिन चालू आणि माल पावणेपाच तासांचा निघतोय, तर मी ऑपरेटरला सोडलं असतं का?

उपायही कारखान्याचाच निघाला, शिफ्ट कमी करा. रात्री साडेबारा ते सहा, एवढंच गादीवर राहायचं. झोप आली तरी साडेबाराच्या आत आडवं व्हायचं नाही, आणि कशीही रात्र गेली तरी सहाला उठायचंच, रविवारसुद्धा. वीसेक मिनिटांत झोप लागली नाही असं वाटलं तर उठून बाहेरच्या खोलीत जायचं, मंद दिव्यात काहीतरी कंटाळवाणं करायचं, पेंग आली की परत. मोबाइल नाही. आणि घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवायचं. मला तीन वाजून दहा झालेत हे माहीत असायची रात्री काही गरज नाही, असं त्या म्हणाल्या. दुपारची डुलकी बंद, चारनंतर चहा बंद. चहा सोडणं दारूपेक्षा जड गेलं.

कंटाळवाणं म्हणजे काय करायचं? सीझन मटारचा होता. बाजारातून पाच किलो शेंगा आणल्या आणि रात्री जाग आली की बाहेर बसून मटार सोलायचो. पहिल्या सकाळी बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, हे मटार कुणी सोलले?" मी सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सात किलो आणल्या. त्या जानेवारीत आमच्याकडे मटार उसळ, मटार भात, मटार करंजी झाली आणि शेजारी दोन घरी डबे गेले.

फुकट काही नव्हतं. शिफ्ट कमी केल्यावर पहिले दहा दिवस दिवसा इतकी पेंग यायची की बाईंनी गाडी आणि मशिन दोन्हीला हात लावू नका म्हणून आधीच बजावलं होतं. गाडीचं ऐकलं. मशिनचं नाही ऐकलं. एका दुपारी मशिनच्या ऑफसेटमध्ये, म्हणजे मापाच्या सेटिंगमध्ये, मी शून्याच्या जागी आठ टाकला आणि चाळीस बुश भंगारात गेले. माझ्याच हातचं रिजेक्शन, कुणाला बोलणार? पण दोन आठवड्यांनी तक्ता ८९ टक्क्यांवर आला. साडेपाच तासांपैकी जवळजवळ पाच तास झोप, सलग. ८५ च्या वर राहिलं की दर आठवड्याला पंधरा मिनिटं वाढवून मिळायची. पगारवाढीसारखी वाट बघायचो. मार्चअखेर मी अकरा ते सहावर होतो, त्यात सहा तास दहा मिनिटं झोप. सकाळी पांडवलेणीच्या पायऱ्या चढायला सुरुवात केली होती. वर पोचेपर्यंत श्वास पुरायला लागला तेव्हा खरं वाटलं.

मधे पडलो नाही असं नाही. फेब्रुवारीत एका गिऱ्हाइकाची त्र्यंबक रोडला पार्टी होती, मोठी ऑर्डर दिलेली. वेटर ग्लास रिकामा राहू देत नव्हता आणि नळकांडं घरी होतं. रात्री साडेदहाला आकडा टाकला नाही. तीनच्या सुमाराला उठलो तेव्हा घड्याळ बघायची गरजच पडली नाही, धडधड ओळखीची होती. सकाळी टाकला. ७. खरं तर ५ टाइप केलं होतं आधी.

मास्तरचं उत्तर आलं, "घरी कसा आलास?"

"रिक्षाने."

"गाडी?"

"तिथेच आहे."

"बरं. कॉलेज सुटल्यावर येतो, घेऊन येऊ."

एवढंच. काकांचा तासाभराने फोन आला, ते पण ७ बद्दल काही बोलले नाहीत. मटार शिल्लक आहेत का विचारलं.

एप्रिलमध्ये रक्त तपासलं, एसजीपीटी ४१. डॉक्टरांनी प्रश्नावली पुन्हा काढली. या वेळी मी भरली आणि आपणहून बायकोकडे दिली. तिने एक उत्तर बदललं. अजून तिच्या आणि माझ्या आकड्यात एकाचा फरक येतोच, आणि मला वाटतं तिचाच बरोबर असावा.

कुणी विचारतं, मग पूर्ण का नाही सोडली? याला माझ्याकडे टाळ्या पडतील असं उत्तर नाही. आठवड्याला पाच-सहा स्मॉलवर आलो आहे, तिथे थांबता येतंय. थांबता येणार नाही त्या दिवशी कुठे जायचं ते माहीत आहे, शाळेचा वर्गही आणि रविवारची वेळही. ज्याला असं टेबल नाही, वर्ग नाही, त्याने निदान १४४४६ वर फोन करावा, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे. मन सैरभैर असेल तर १४४१६. दोन्ही नंबर काकांनी ग्रुपच्या नावाखाली लिहून ठेवलेत.

२०२४ ची गटारी ४ ऑगस्टला, रविवारी आली. श्रावण या वेळी एकच होता, त्यामुळे वादाला विषय नव्हता. मास्तरच्या गच्चीवर बसलो. मटण त्याने केलं, भाकऱ्या त्याच्या आईने. काकांनी स्वतःसाठी कोकम सोडा आणला होता आणि आमच्यासाठी माझं नळकांडं, जे मी मुद्दाम विसरलो होतो. ते माझ्या घरी जाऊन बायकोकडून घेऊन आले. आम्ही पिताना त्यांना त्रास होतो का असं मी विचारलं, तर म्हणाले, "होतो. साडेआठला उठणार आहे मी." आणि बरोबर साडेआठला उठले. दुसऱ्या दिवसापासून पाऊस असो नसो त्यांची मीटिंग सकाळची होती.

साडेदहाला आकडे आले. काकांचा सगळ्यात आधी, ०. माझा २. मास्तरचा ३.

"नियम दोनचा आहे," मी लिहिलं.

"उपदेश नाही असाही नियम आहे," त्याने लिहिलं.

अकराला आडवा झालो. रात्री एकदा जाग आली. किती वाजले होते कोण जाणे, घड्याळ अजून भिंतीकडे तोंड करूनच आहे. पलीकडच्या खोलीत मुलगी फोनवर कुणाशी तरी हळू आवाजात हसत होती. पाऊस चालू होता. उठावं का, असा विचार करत होतो, तेवढ्यात गजर झाला.